बंदूक ज्याच्या हाती, तो आज्ञा का पाळतो?

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे, म्हणजे पुणेकरांच्या बोलण्यातल्या एनडीएचे, नाव निघाले की बसाल्ट आणि जोधपूरच्या तांबूस दगडात बांधलेली घुमटाची इमारत डोळ्यांपुढे येते. तिचे नाव सुदान ब्लॉक. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत भारतीय सैनिकांनी सुदानच्या रक्षणासाठी प्राण वेचले, त्याची कृतज्ञता म्हणून सुदानने १ लाख पौंडांची देणगी दिली होती. फाळणीनंतर भारताच्या वाट्याला आलेल्या ७० हजार पौंडांचा विनियोग या इमारतीसाठी झाला आणि १९५९ साली तिचे उद्घाटन झाले. त्या वेळी सुदानला स्वातंत्र्य मिळून साडेतीन वर्षेही झाली नव्हती, आणि तरीही तिथले नागरी सरकार आदल्या वर्षीच, नोव्हेंबर १९५८ मध्ये, जाऊन सत्ता जनरल इब्राहिम अब्बूद यांच्या हाती गेली होती. ज्या देशाच्या नावाने भारताच्या तिन्ही दलांचे भावी अधिकारी घडतात, त्या देशाला आपले सैन्य बराकीत ठेवणे तेव्हाही साधले नाही आणि पुढेही साधले नाही, ही गोष्ट मला त्या घुमटाकडे पाहताना फार लागते.

राज्यशास्त्रात या विषयाला नागरी-लष्करी संबंध म्हणतात. त्यातला मूळ पेच सांगायला सोपा आहे: परचक्र थोपवू शकेल इतके बलवान सैन्य उभारायचे, आणि तेच सैन्य आपल्या सरकारवर उलटणार नाही याचीही तजवीज करायची. जुन्या लोकशाह्यांत हा पेच सवयीखाली झाकला गेलेला असतो. नव्या लोकशाहीत तो उघडा पडतो, कारण कालपर्यंत राज्य करणारे सेनानीच आज नव्या मंत्र्यापुढे सलाम करून उभे असतात, आणि काल काय होते हे दोघांनाही पक्के ठाऊक असते.

लष्करी उठाव म्हणजे लढाई, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात अनेक उठावांत सैन्याच्या तुकड्या एकमेकींवर फारसा गोळीबार करतच नाहीत. अभ्यासकांच्या मते उठाव हा प्रामुख्याने अंदाजाचा खेळ असतो. प्रत्येक छावणीचा प्रमुख मनाशी एकच हिशेब करत असतो, की बाकीचे काय करणार आहेत; कारण हरणाऱ्या बाजूला राहणे त्याला परवडत नाही आणि आपल्याच सहकाऱ्यांवर गोळ्या झाडणे त्याला नको असते. म्हणून ‘निकाल लागलेला आहे’ असे इतरांना पटवण्यात जो आधी यशस्वी होतो, त्याच्यामागे उरलेले सैन्य जाते. उठाव करणारे सर्वांत आधी नभोवाणी आणि दूरचित्रवाणीचे केंद्र का गाठतात, याचे उत्तर इथे मिळते.

स्पेनमधली २३ फेब्रुवारी १९८१ ची रात्र याचे उत्तम उदाहरण आहे. हुकूमशहा फ्रँको १९७५ मध्ये वारला होता, नवी राज्यघटना जेमतेम दोन वर्षांची होती, आणि संसदेत नव्या पंतप्रधानांसाठी मतदान चालू असताना लेफ्टनंट कर्नल तेहेरो सुमारे दोनशे सशस्त्र सिव्हिल गार्ड, म्हणजे लष्करी धाटणीचे पोलीस, घेऊन सभागृहात घुसला. छताच्या दिशेने गोळ्या सुटल्या. त्यांच्या खुणा आजही तिथे जपून ठेवल्या आहेत. खासदार बाकांखाली गेले. उपपंतप्रधान गुतिएरेस मेयादो, जे स्वतः निवृत्त जनरल होते, ते मात्र उठून बंदुकधाऱ्यांपुढे गेले आणि शस्त्रे खाली ठेवण्याचा हुकूम त्यांना देऊ लागले. तिकडे वालेन्सियात जनरल मिलान्स देल बोश यांनी रणगाडे रस्त्यावर आणले. इतर प्रांतांचे सेनापती वाट पाहत राहिले. राजा हुआन कार्लोस यांनी त्यांना एकामागून एक दूरध्वनी केले आणि मध्यरात्रीनंतर सव्वाच्या सुमारास सरसेनापतीच्या गणवेशात दूरचित्रवाणीवर येऊन, राज्यघटनेला बाधा आणणारी कोणतीही कृती आपण खपवून घेणार नाही, असे जाहीर केले. त्या भाषणाने एकही रणगाडा निकामी झाला नाही. मात्र जे वाट पाहत होते त्या सर्वांना एकाच वेळी कळले की बाकीच्यांनाही आता तेच कळले आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी तेहेरो शरण आला.

या रात्रीची गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते, पण माझ्या मते खरे शिकण्यासारखे त्यापूर्वी आणि त्यानंतर घडले. भूदल, नौदल आणि हवाई दल यांची तीन स्वतंत्र मंत्रालये १९७७ मध्येच बरखास्त करून एकच संरक्षण मंत्रालय केले गेले होते. १९८२ नंतर नार्सिस सेरा या नागरी मंत्र्याने आठ वर्षांहून अधिक काळ त्या खात्यात बसून बढत्या, नेमणुका, निवृत्तीचे नियम आणि अंदाजपत्रक हे सगळे हळूहळू मंत्रालयाच्या हाती आणले. यात चित्रपटाला शोभेल असे काही नाही. सैन्याला अपमान वाटू न देता, त्याच्या कामाचा दर्जा वाढवत आणि राजकारणातला त्याचा वाटा कमी करत नेणारे ते चिवट कारकुनी काम होते. अशा कामाला आपण पुरेसा मान देत नाही, याचे मला वाईट वाटते.

हे काम न करता लोकशाहीत पाऊल टाकले तर काय होते, ते चिलीत दिसले. लष्करी हुकूमशहा पिनोशे १९८८ च्या सार्वमतात हरले, १९९० मध्ये राष्ट्राध्यक्षपदावरून उतरले, पण भूदलाचे प्रमुख म्हणून मार्च १९९८ पर्यंत कायम राहिले. शिवाय सरकारी तांबे कंपनीच्या निर्यातीतला दहा टक्के पैसा कायद्यानेच थेट शस्त्रखरेदीसाठी राखलेला होता, आणि तो कायदा रद्द व्हायला २०१९ साल उजाडले. ज्या सैन्याला पैशासाठी संसदेकडे जावे लागत नाही, त्याला संसदेचे ऐकण्याची सवय लागणे कठीण. म्यानमारमध्ये तर २००८ च्या राज्यघटनेनेच संसदेच्या २५ टक्के जागा गणवेशधाऱ्यांसाठी राखल्या होत्या, तरी त्या सेनापतींना पुरल्या नाहीत आणि १ फेब्रुवारी २०२१ रोजी त्यांनी सगळीच सत्ता घेतली.

घाबरलेल्या राज्यकर्त्याला दोन सोपे उपाय सुचतात आणि दोन्ही घातक ठरतात. पहिला उपाय ‘आपला माणूस’ प्रमुख नेमण्याचा. पाकिस्तानात झुल्फिकार अली भुट्टो यांनी १९७६ मध्ये अनेक ज्येष्ठांना डावलून झिया-उल-हक यांना निवडले आणि पुढच्याच वर्षी झियांनी त्यांना पदच्युत केले. नवाझ शरीफ यांनी १९९८ मध्ये ज्येष्ठता बाजूला सारून मुशर्रफ यांना नेमले, त्यांच्याही बाबतीत वर्षभरात तेच घडले. दुसरा उपाय म्हणजे सैन्याला शह देण्यासाठी समांतर सशस्त्र दल उभे करायचे. सुदानचे हुकूमशहा ओमर अल-बशीर यांनी तेच केले. दारफुरमधल्या टोळ्यांतून २०१३ मध्ये त्यांनी ‘जलद मदत दल’ उभारले, त्याच दलाने २०१९ मध्ये सैन्याबरोबर येऊन त्यांना दूर केले, दोघांनी मिळून ऑक्टोबर २०२१ मध्ये नागरी पंतप्रधान अब्दल्ला हमदोक यांचे सरकार उलथवले, आणि हे दल सैन्यात किती वर्षांत विलीन करायचे या वादातून १५ एप्रिल २०२३ रोजी दोघांत युद्ध पेटले. एक कोटीहून अधिक माणसे घरादाराला मुकली.

प्रबोधिनीच्या जवळच सिंहगड आहे, म्हणून इथे आपल्या घरची आठवण काढणे अप्रस्तुत होणार नाही. शिवकालीन किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तीन अधिकारी असत. किल्ल्या एकाकडे, हजेरी-हिशेब दुसऱ्याकडे, धान्य आणि सामग्री तिसऱ्याकडे, आणि एकट्याच्या मर्जीने गड शत्रूच्या हाती जाऊ नये ही त्यामागची योजना. सैनिकांचे वेतन, होईल तितके, वतन-जमिनीऐवजी सरकारी खजिन्यातून दिले जाई. हा राजेशाहीतला बंदोबस्त होता, लोकशाहीतला नव्हे. तरी यात शह देणारे दुसरे सैन्य नाही, एकाच संस्थेच्या आत अधिकारांची वाटणी आहे, हा फरक महत्त्वाचा आहे. पुढे सरंजाम वाढले आणि फौजा सरदारांच्या झाल्या, तेव्हा पुण्याच्या दरबाराला काय सोसावे लागले, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

भारताने काय केले? इंग्रजी अमदानीत सरसेनापती हा व्हाइसरॉयच्या खालोखालचा माणूस होता. दिल्लीतला त्याचा बंगला स्वातंत्र्यानंतर पंतप्रधानांचे निवासस्थान झाला, आणि १९५५ मध्ये ‘सरसेनापती’ ही पदवीच रद्द होऊन तिन्ही दलांचे प्रमुख समान पातळीवर आले. त्याहून मोठे कारण बहुधा हे, की १९५१-५२ च्या निवडणुकीने सरकारला निर्विवाद जनाधार दिला होता, तर त्याच ब्रिटिश-हिंदी सैन्याचा वारसा लाभलेल्या पाकिस्तानात पहिली देशव्यापी सार्वत्रिक निवडणूक १९७० मध्ये झाली. पण आपल्याकडेही सगळे सुरळीत नव्हते. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी झालेल्या मतभेदांतून भूदलप्रमुख जनरल थिमय्या यांनी १९५९ मध्ये राजीनामा दिला, नेहरूंच्या आग्रहावरून तो मागे घेतला, आणि तीन वर्षांनी चीनशी युद्ध आले. अमेरिकी अभ्यासक पीटर फीव्हर यांचे म्हणणे असे, की लोकशाहीत नागरी नेतृत्वाला चुकण्याचाही हक्क असतो. मला ते पटते. मात्र त्या हक्काबरोबर सेनानींचा अप्रिय सल्ला ऐकून घेण्याची आणि तो समजण्याइतका अभ्यास करण्याची जबाबदारीही येते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. तोफा आणि पाणबुड्यांचा खर्च वाचता येणारे नागरिक, पत्रकार आणि खासदार नसतील तर मंत्रालयातली खुर्ची नागरी असूनही निर्णय गणवेशातला माणूसच घेतो.

दक्षिण कोरियाने हे सगळे नुकतेच अनुभवले. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षांनीच मार्शल लॉ पुकारला आणि सैनिक खिडक्या फोडून संसद भवनात शिरले. जमलेल्या १९० खासदारांनी एकमताने तो रद्द करण्याचा ठराव केला, सैनिक मागे फिरले, आणि पहाटे सुमारे सहा तासांनंतर मार्शल लॉ उठला. सैन्यातल्या अधिकाऱ्यांची ‘हानाहो’ नावाची गुप्त मंडळी राष्ट्राध्यक्ष किम यंग-साम यांनी १९९३ मध्ये मोडून काढली होती, आणि १९९६ मध्ये दोन माजी लष्करी राष्ट्राध्यक्षांना न्यायालयाने शिक्षा सुनावली होती. काचांचे तुकडे तुडवत आत आलेल्या त्या तुकड्यांच्या अधिकाऱ्यांना हुकूम मिळाला, तेव्हा बाकीचे काय करतील याचा अंदाज बांधताना त्यांच्यासमोर हे सगळे होते.