धावत्या संत्र्याचं माप किती खरं?

संत्र्यांची प्रतवारी करणाऱ्या यंत्रासाठी त्रिमितीय कॅमेरा घ्यायचा, तर माहितीपत्रकात अचूकतेचा एक छान आकडा छापलेला असतो. समजा, अर्धा मिलिमीटर. पण हा आकडा बहुतेक वेळा स्थिर वस्तूवर काढलेला असतो. नागपूरच्या कळमना बाजारातून आलेलं फळ यंत्राच्या सरकत्या पट्ट्यावर सेकंदाला अर्धा मीटर वेगाने धावत असेल, तर त्या आकड्यावर विसंबता येत नाही.

बिघडतं कुठे? कॅमेऱ्याच्या शटरची उघडझाप ४ मिलिसेकंदांची असेल, तर तेवढ्या वेळात फळ २ मिलिमीटर सरकतं आणि कडा पुसट होते. प्रकाशाचे पट्टे टाकून खोली मोजणाऱ्या कॅमेऱ्यात प्रश्न मोठा आहे. एका मापासाठी अशा पट्ट्यांच्या १२ आकृत्या लागत असतील आणि सेकंदाला १२० टाकता येत असतील, तर पहिली ते शेवटची यांत सुमारे ०.१ सेकंद जातो. तेवढ्यात फळ ५० मिलिमीटर पुढे गेलेलं असतं, म्हणजे जवळजवळ स्वतःच्याच रुंदीइतकं!

मग परीक्षा घ्यायची कशी? धावत्या वस्तूची दर क्षणाची खरी जागा सांगणारं दुसरं, अधिक अचूक यंत्र फार महाग पडतं. त्यावर सुंदर तोड आहे. एका कडक दांड्याच्या दोन टोकांना दोन गोळे घट्ट बसवायचे आणि त्यांच्या केंद्रांमधलं अंतर आधी प्रयोगशाळेत मोजून घ्यायचं. दांडा कसाही फिरला, तरी ते अंतर बदलत नाही. कॅमेऱ्याने दाखवलेला फरक ही कॅमेऱ्याचीच चूक. वस्तूचा माग घेणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी अमेरिकेच्या एएसटीएम या मानक संस्थेने २०१६ साली काढलेली ई ३०६४ ही पद्धतही याच तत्त्वावर उभी आहे.

दांडा ॲल्युमिनियमचा नको. प्रयोगशाळेतलं माप २० अंशांचं असतं, आणि नागपुरात मृग बहाराची फळं यायच्या दिवसांत, मार्चअखेरीस, दुपारी पारा ४० च्या घरात जातो. तेवढ्याने ३०० मिलिमीटरचा ॲल्युमिनियम दांडा सुमारे ०.१४ मिलिमीटर वाढतो. कार्बन फायबर जवळपास वाढतच नाही. गोळे मंद पांढरे हवेत. चकाकत्या स्टीलवरून प्रकाश भलतीकडेच उसळतो.

आधी पट्टा बंद ठेवून किमान ३० मापं घ्या, मग हळू, मध्यम आणि पूर्ण वेगात तेवढीच. दांडा पट्ट्याच्या दिशेने, आडवा आणि तिरपा, असा तिन्ही प्रकारे ठेवा. दिशा बदलणं टाळू नका, कारण प्रत्येक दिशा वेगळा दोष उघड करते. लेझर रेषेच्या स्कॅनरमध्ये एन्कोडर (पट्टा किती सरकला ते मोजणारं चाक) पट्टा ओढणाऱ्या चालक रोलरवर बसवला असेल आणि पट्टा २ टक्के घसरत असेल, तर लांबीच्या दिशेने ३०० चे सुमारे ३०६ दिसतात. आडवं माप मात्र बिनचूक येतं. ६५ मिलिमीटरचं संत्रं त्या दिशेने ६६.३ चं होतं आणि वरच्या प्रतीत जाऊन बसू शकतं. एन्कोडरचं चाक पट्ट्यालाच टेकवलं, की हा दोष जातो.

निकालात नुसती सरासरी देऊ नका. अधिक २ आणि उणे २ मिळून शून्य होतात. सर्वांत मोठी चूक लिहा, ९५ टक्के मापं किती चुकीच्या आत बसतात ते लिहा, आणि कॅमेऱ्याच्या किती चौकटींत (फ्रेममध्ये) गोळा सापडलाच नाही हेही लिहा. काही सॉफ्टवेअर वाईट चौकटी गुपचूप गाळतात. मग उरलेले आकडे देखणे दिसणारच.

या दांड्याला एक दोष मात्र दिसत नाही, तो म्हणजे विलंब. दोन्ही गोळे सारखेच उशिरा दिसले, तर अंतर बरोबरच येतं. पण ६० मिलिसेकंदांच्या उशिराने पूर्ण वेगात फळ ३० मिलिमीटर पुढे निघून जातं आणि उचलणारा यांत्रिक हात रिकामा परततो. त्यासाठी गोळा पट्ट्यावर पक्का चिकटवा आणि पट्टा सेकंदाला ०.२५ व ०.५ मीटर अशा दोन वेगांनी चालवा. दर वेळी कॅमेऱ्याने सांगितलेली जागा एन्कोडरच्या जागेशी ताडून पाहा. दोन वेगांत तफावत १५ मिलिमीटरने बदलली, तर १५ भागिले वेगांतला फरक, म्हणजे सेकंदाला २५० मिलिमीटर, असे ०.०६ सेकंद. हाच विलंब.

शेवटी खरी फळं. सालीवर चमक असते आणि थोडा प्रकाश सालीत शिरून मग परततो, त्यामुळे पांढऱ्या गोळ्याचा निकाल फळाला जसाच्या तसा लागू होत नाही. नागपुरी संत्र्याची साल सैल. व्हर्नियरच्या जबड्यात ती दबते, म्हणून खऱ्या मापासाठी ठरावीक व्यासाच्या कड्या वापरा. अशी ५० फळं वेगवेगळ्या बाजूंनी ठेवून प्रत्येकी १० वेळा सोडा आणि तेच फळ किती वेळा त्याच प्रतीत पडतं ते मोजा.