खाडीच्या तोंडाशी फुटणारी लाट

वारा वाढला की होड्या खाडीकडे वळतात, आणि अनेकदा घात होतो तो बंदर नजरेच्या टप्प्यात आल्यावर. आंजर्ले घ्या किंवा रत्नागिरीची भाट्ये खाडी, तोंडाशी गाळ-वाळू साचून पाणी उथळ झालेलं असतं. भर समुद्रात दीड मीटरची लाट होडीला नुसती वर-खाली करते. उथळ पाण्यात तिचा वेग मंदावतो, लांबी आखडते, उंची वाढते. खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापटीवर आली की लाट फुटते. म्हणजे दीड मीटरची लाट दोन मीटरच्या आसपास पाणी असलं तरी फुटू शकते.

त्यात ओहोटी असेल तर कठीणच. बाहेर धावणारं पाणी आत येणाऱ्या लाटेला अडवतं आणि ती भिंतीसारखी उभी राहते. सहा तासांच्या ओहोटीत तिसऱ्या आणि चौथ्या तासात निम्मं पाणी उतरतं, ओढही तेव्हाच सर्वांत जास्त असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ती आणखी वाढते. म्हणून आत शिरायचं ते भरती पूर्ण होण्याआधीच्या शेवटच्या तासात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते: पंचमीला पावणेचार. हा हिशोब मुंबईकडचा; दक्षिणेला भरती थोडी आधी येते, तेव्हा आपल्या बंदराच्या कोष्टकाशी ताडून घ्या.

शिरण्याआधी बाहेर खोल पाण्यात दहा-पंधरा मिनिटं थांबून पाहा. मोठ्या लाटा लागोपाठ येतात, मग जरा उसंत मिळते. शेवटची मोठी लाट पुढे गेली की तिच्या पाठीवर, माथ्याच्या मागे राहून चाला. वेग लाटेइतकाच ठेवा. माथा ओलांडून होडी उताराला लागली तर नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, पाण्यात रुतते, मागचा भाग उचलला जातो, सुकाणू आणि इंजिनाचा पंखा पाण्याबाहेर येतात. मग होडी आडवी फिरते आणि पुढची लाट तिला उलथवते. मागून जाड दोर सोडला तर त्याच्या ओढीने होडी सरळ राहायला मदत होते; तो पंख्यात जाणार नाही एवढी काळजी घ्या.

तयारीही बाहेरच करायची. डेकवरची जाळी खाली उतरवून बांधा, कारण उंचावरचं वजन होडीला कलंडवतं. तळातलं पाणी पूर्ण उपसा: मोकळं पाणी होडी कलेल त्याच बाजूला धावतं आणि तिला परत सरळ होऊ देत नाही. डिझेलचा फिल्टर तपासा. हेलकाव्यांनी टाकीतला गाळ ढवळून फिल्टर तुंबतो, आणि इंजिन नेमकं लाटांत बंद पडतं. नांगर दोरासकट मोकळा ठेवा. प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट असू द्या.

लाटा सलग फुटत असतील तर शिरू नका, अंधारात तर मुळीच नाही. बाहेर नाळ लाटेकडे ठेवून, इंजिन मंद चालवत भरतीची वाट पाहणं त्रासाचं असलं तरी बहुतेक वेळा सुरक्षित असतं. वारा वाढतच चालला असेल तर जवळचं खोल तोंडाचं बंदर गाठा. इंजिन अडलं तर उशीर न करता व्हीएचएफ रेडिओच्या (होडीवरच्या वायरलेसच्या) १६ नंबर चॅनेलवर मदत मागा. मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा नंबर १५५४. जीपीएसवरचं ठिकाण आणि माणसांची संख्या पहिल्याच वाक्यात सांगा.