बीमवरचा अर्धा सेकंद

नागपुरात उन्हाळी शिबिरे सुरू झाली की जिम्नॅस्टिक्सच्या हॉलमध्ये पालकांचा एक सल्ला हमखास ऐकू येतो: "हात पसरून ठेव, म्हणजे पडणार नाहीस." सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. बॅलन्सिंग बीमवर, म्हणजे कसरतीच्या अरुंद आडव्या तुळईवर, तोल हातांनी सावरायची वेळ येते, तेव्हा मूळ चूक बहुतेकदा आधीच होऊन गेलेली असते.

आंतरराष्ट्रीय स्पर्धेतला बीम 5 मीटर लांब, 10 सेंटिमीटर रुंद आणि जमिनीपासून 125 सेंटिमीटर उंच असतो. मल्लखांबावर निदान अढी घालून लाकूड धरता येते. बीमवर पायाने धरायला काही नाही. पाऊल मधोमध ठेवले, तर पावलाच्या मध्यापासून दोन्ही कडांपर्यंत जेमतेम 5-5 सेंटिमीटर असतात.

तळहातावर काठी उभी धरून पाहा. ती कलली की कलण्याचा वेग स्वतःच वाढत जातो. बीमवर उभी असलेली खेळाडू ही तशीच काठी आहे. तिचा गुरुत्वमध्य (शरीराचे सारे वजन जिथे एकवटले असे मानता येते तो बिंदू) बीमपासून साधारण 85 सेंटिमीटर उंचीवर धरू. या उंचीला कलण्याची चूक (गुरुत्वमध्य किती सरकला आणि किती वेगाने सरकतो आहे, दोन्ही मिळून) दर 0.3 सेकंदाला सुमारे 2.7 पट होते. म्हणजे सुरुवातीला गुरुत्वमध्य फक्त 1 सेंटिमीटर बाजूला असेल आणि काहीच केले नाही, तर अर्ध्या सेकंदाच्या आत चूक 5 सेंटिमीटरची सीमा ओलांडते. त्यापुढे घोट्याच्या जोरावर तोल परत येत नाही. सुरुवातच 3 सेंटिमीटरने चुकली, तर हाती उरतात 0.15 सेकंद. घोट्याच्या स्नायूंची आपोआप होणारी प्रतिक्रिया सुरू व्हायलाच सुमारे 0.1 सेकंद लागतो. डोळ्यांनी पाहून, विचार करून हालचाल करायची तर त्याच्या दुप्पट. विचार करून सावरणे इथे शक्यच नाही.

घोटा कमी पडला की कंबर आणि हात मदतीला येतात, आणि इथली गंमत उलटी आहे. तोल उजवीकडे जात असेल तर धड डावीकडे ओढावेसे वाटते. पण उपयोगी पडते ते धड झटकन उजवीकडेच वाकवणे, उजवा हात खाली आणि डावा वर फिरवणे. वरचे शरीर ज्या दिशेने फिरते, त्याच्या प्रतिक्रियेने कंबर डावीकडे ढकलली जाते, पाय बीमला उजवीकडे रेटतो आणि बीम शरीराला डावीकडे परत लोटतो. ही युक्ती एकदाच, क्षणभरच चालते, कारण कंबर आणि खांदे किती वळणार याला मर्यादा आहे. शिवाय पंचांना ती स्पष्ट दिसते. डगमगण्याच्या प्रमाणात 0.10, 0.30 किंवा 0.50 गुण जातात. पडू नये म्हणून बीम हातांनी धरला तर 0.50, आणि पडल्यास पूर्ण 1.00. पडल्यावर परत चढायला 10 सेकंद मिळतात. संपूर्ण रचनेला कमाल 90 सेकंद.

मग मूळ चूक कुठे होते? बहुतेकदा उडी घेतानाच. समजा, मागे उलटी (हात टेकवून मागे घेतलेली कोलांटउडी) घेताना शरीर बीमवर 1.2 मीटर सरकते. खांदे आणि कंबर बीमच्या रेषेपासून फक्त 2 अंशांनी तिरपी झाली, तर उतरताना पाऊल 4 सेंटिमीटर बाजूला पडते. हवेत असताना गुरुत्वमध्याचा मार्ग बदलता येत नाही, तो पाय सुटण्याच्या क्षणीच ठरलेला असतो. एकामागोमाग दोन उलट्या घेतल्या की पहिलीतला तिरपेपणा दुसरीच्या सुरुवातीला जमा होतो. म्हणून अवघड मालिकेत शेवटच्या उतरण्यावर पडलेली मुलगी खरे तर पहिल्या उडीतच चुकलेली असते.

5 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत आठपैकी चार जणी बीमवरून पडल्या. त्यांत अमेरिकेची ऑलिम्पिक विजेती सिमोन बाइल्सही होती. इटलीच्या अलिचे द'अमातोने 14.366 गुणांनी सुवर्ण जिंकले. चीनची झोऊ याछिन 14.100 वर थांबली. तोल जाताना तिने बीमला हात लावला होता. दोघींतले अंतर 0.266 होते आणि त्या एका स्पर्शाची किंमत 0.50.

सरावात म्हणूनच हातांपेक्षा रेषेवर भर द्यावा. आधी फरशीवर 10 सेंटिमीटर रुंद पट्टी, मग जमिनीलगतचा बीम, मग मॅट रचून उंच बीम. पायरी गाळू नये. नागपूरच्या मे महिन्यात कूलरची हवा थेट बीमवर येऊ देऊ नये, ओलसर आवरणावर पाय सरकतो. आणि उलटी शिकवताना तळहातांना मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड जरा जास्त लावावी. पट्टीवर हातांचे ठसे उमटतात. दोन्ही ठसे मध्यरेषेच्या एकाच बाजूला झुकलेले दिसले, तर पाय कुठे पडला हे पाहण्याआधी खांदे कुठे वळले ते पाहावे.