‘कलावंत आणि त्याची चळवळ’ : वर्गातील एका सादरीकरणाची पार्श्वभूमी

कलेच्या वर्गात एक उपक्रम हमखास दिला जातो. एक कलावंत निवडायचा, त्याच्याविषयी वाचन करायचे, तो ज्या कलाचळवळीतला मानला जातो तिची ओळख करून घ्यायची आणि हे सारे वर्गापुढे दहा-पंधरा मिनिटांत मांडायचे. अशा सादरीकरणांचा साचा बहुधा सारखाच असतो : पहिल्या स्लाइडवर कलावंताचे छायाचित्र आणि जन्म-मृत्यूची साले, दुसरीवर चळवळीचे नाव व तिची ‘वैशिष्ट्ये’, त्यानंतर शेजारी शेजारी ठेवलेली दोन चित्रे आणि शेवटी ‘प्रभाव’ या शीर्षकाखाली एक-दोन बाण. हा साचा इतका अंगवळणी पडला आहे की, तो कोणी तरी कधी तरी घडवला असेल, हे मनातही येत नाही. प्रत्यक्षात त्यातला एकेक भाग वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या हेतूंनी तयार झाला. आणि दुसऱ्या स्लाइडवरचे ते नाव तर अनेकदा त्या कलावंताने स्वतः घेतलेले नसतेच.

पहिली स्लाइड सर्वांत जुनी आहे. आरेत्सो येथे जन्मलेला चित्रकार व वास्तुकार जॉर्जो वासारी याने १५५० साली इटलीतील कलावंतांची चरित्रे प्रसिद्ध केली आणि १५६८ साली त्यांची वाढवलेली आवृत्ती काढली. या दुसऱ्या आवृत्तीत चरित्राच्या आरंभी त्या कलावंताचे काष्ठठशाने छापलेले चित्र आहे. आज आपण आधी चेहरा दाखवतो आणि मग बोलायला लागतो, त्याचे मूळ इथे आहे. ज्यांचे विश्वसनीय चित्र वासारीला मिळाले नाही, त्यांच्यासाठी त्याने नक्षीदार चौकट छापली आणि ती आतून रिकामी ठेवली. चरित्रांतील प्रसंगांच्या बाबतीत मात्र तो एवढा काटेकोर नव्हता. बालवयातील जॉत्तोने गुरू चिमाब्वे याच्या चित्रातील आकृतीच्या नाकावर माशी रंगवली आणि गुरू ती हाताने हाकलू लागला, ही त्याने दिलेली गोष्ट आजही सादरीकरणांत निःशंकपणे सांगितली जाते. प्राचीन रोमन लेखक प्लिनीने सांगितलेल्या, रंगवलेल्या द्राक्षांवर पक्षी झेपावल्याच्या ग्रीक आख्यायिकेची ती सख्खी बहीण आहे, एवढे तरी सांगणाऱ्याने लक्षात घ्यायला हवे.

व्यक्तीकडून शैलीकडे लक्ष वळवण्याचे श्रेय योहान योआखिम विंकेलमान या जर्मन अभ्यासकाला दिले जाते. १७६४ साली ड्रेस्डेन येथे प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात प्राचीन कलेचा उगम, वाढ, परिवर्तन आणि ऱ्हास असा क्रम लावलेला आहे, आणि कलावंतांची चरित्रे त्यात दुय्यम आहेत. गंमत अशी की, ग्रीक कलेचा हा इतिहासकार ग्रीसला कधीच गेला नाही, आणि त्याने पाहिलेल्या पुष्कळ ‘ग्रीक’ मूर्ती रोमन काळातील प्रतिकृती होत्या. तरीही शैलीला स्वतःचे आयुष्य असते, ही कल्पना टिकली.

आता दुसरी स्लाइड. कलेतील नावांचा इतिहास हा बराचसा हिणवण्याचा इतिहास आहे. ‘गॉथिक’ म्हणजे रानटी आणि ‘बरोक’ म्हणजे बेढब, असेच हे शब्द आधी वापरले गेले. परंतु याचे सर्वांत बोलके उदाहरण १८७४ सालचे आहे. पॅरिसमधील छायाचित्रकार नादार याच्या जुन्या स्टुडिओत त्या वर्षी १५ एप्रिलला मोने, रन्वार, पिसारो, दगा, बेर्त मोरिझो इत्यादी कलावंतांनी आपले प्रदर्शन भरवले. त्यांनी स्वतःला कोणत्याही विचारप्रणालीचे नाव घेतले नव्हते. त्यांच्या संस्थेचे नाव ‘चित्रकार, शिल्पकार, मुद्राचित्रकार इत्यादी कलावंतांची कंपनी’ असे मुद्दाम नीरस ठेवलेले होते, आणि त्यातला ‘इत्यादी’सुद्धा अधिकृत नावाचाच भाग होता. सूचीसाठी मोनेच्या एका चित्राचे शीर्षक हवे होते. ल हाव्र बंदरातील धुके, त्यात विरघळलेल्या डोलकाठ्या आणि पाण्यावर ओघळलेला नारिंगी सूर्य, एवढेच त्या चित्रात होते. त्याला बंदराचे दृश्य म्हणता येणार नाही, म्हणून ‘इम्प्रेशन’ (मनावर उमटलेला ठसा) लिहा, असे आपण सांगितले, ही आठवण मोनेने पुढे नोंदवली आहे. २५ एप्रिलला लुई लरुआ या समीक्षकाने ‘ल शारिवारी’ या विनोदी पत्रात त्याच शब्दावरून साऱ्या प्रदर्शनाची टर उडवली. भिंतीवर चिकटवायचा अर्धवट कागदही या सागरदृश्यापेक्षा अधिक पूर्ण वाटतो, असे त्याच्या लेखातील एक पात्र म्हणते. काही दिवसांतच कास्तान्यारी या दुसऱ्या समीक्षकाने तोच शब्द गंभीरपणे वापरला : हे चित्रकार निसर्गदृश्य रंगवत नाहीत, त्या दृश्याने मनावर उमटवलेली संवेदना रंगवतात. १८७७ सालच्या तिसऱ्या प्रदर्शनात चित्रकारांनी ‘इम्प्रेशनिस्ट’ हे नाव स्वतःच लावून घेतले. दगाला ते कधीच रुचले नाही. १८८६ पर्यंत झालेल्या आठही प्रदर्शनांत केवळ पिसारो सहभागी होता. आणि या चळवळीचा जनक म्हणून ज्याचे चित्र हटकून दाखवले जाते, तो एदुआर माने (मोने नव्हे) एकाही प्रदर्शनात नव्हता.

मराठीत आपण या शैलीला ‘दृक्प्रत्ययवाद’ म्हणतो. शब्द अचूक आणि भारदस्त आहे. पण त्यातला मूळचा टोमणा मात्र पार गळून गेला आहे. शिवाय ‘वाद’ लागला की आधी सिद्धान्त ठरला, मग सभासद जमले आणि मग चित्रे निघाली, असा समज होतो. या ठिकाणी तो क्रम नेमका उलटा होता.

पुढील नावांचीही हीच तऱ्हा. १९०५ साली पॅरिसच्या शरद प्रदर्शनात मातीस, दरँ आदींच्या भडक रंगांच्या चित्रांमध्ये एक प्रबोधनकालीन वळणाचे शिल्प ठेवलेले पाहून लुई व्होसेल या समीक्षकाला ‘वन्य श्वापदांत सापडलेला दोनातेल्लो’ (प्रबोधनकाळातील इटालियन शिल्पकार) आठवला, आणि त्या चित्रकारांना ‘फोव्ह’ म्हणजे श्वापदे हे नाव चिकटले. तीनच वर्षांनी त्याच समीक्षकाने ब्राकच्या निसर्गदृश्यांत सगळे काही ‘घनां’वर आणून ठेवले आहे, असे लिहिले, घनवादाचे नाव तिथून रूढ झाले. सर्वांत विलक्षण बाब ‘उत्तर-दृक्प्रत्ययवादा’ची आहे. हे नाव रॉजर फ्राय या इंग्रज समीक्षकाने १९१० साली लंडनमधील एका प्रदर्शनासाठी योजले, आणि त्या वेळी व्हॅन गॉग, सरा, गोगँ व सेझान या चौघांपैकी एकही हयात नव्हता. ‘व्हॅन गॉग या चळवळीत सामील झाला’ असे वाक्य आपण वर्गात ऐकतो, तेव्हा तो आपल्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी जन्मलेल्या नावात सामील झालेला असतो.

याला अपवाद जाहीरनाम्यांच्या काळाचा. इटालियन कवी मारिनेत्तीने २० फेब्रुवारी १९०९ रोजी ‘ल फिगारो’ या फ्रेंच वृत्तपत्रामध्ये भविष्यवादाची घोषणा केली, तेव्हा नाव आधी आले आणि त्या नावाची चित्रे नंतर. फ्रेंच कवी ब्रताँचा १९२४ सालचा अतिवास्तववादाचा जाहीरनामा आणि त्यानंतर गटात झालेल्या प्रवेश-हकालपट्ट्या पाहता, ‘सभासदत्व’ हा शब्द तिथे खऱ्या अर्थाने लागू पडतो.

शेजारी शेजारी ठेवलेली दोन चित्रे ही सवय जर्मन विद्यापीठांतील अंधाऱ्या वर्गांतून आली, आणि ती रुजवण्याचे श्रेय सहसा हाइनरिश व्योल्फलिन याला देतात. बाझेल, बर्लिन आणि म्युनिक येथे शिकवणाऱ्या या प्राध्यापकाने काचेच्या पारदर्शिका दोन प्रक्षेपकांनी एकाच वेळी पडद्यावर दाखवून प्रबोधनकाळ आणि बरोक यांची तुलना केली. १९१५ सालच्या त्याच्या ग्रंथातील रेषाप्रधान आणि रंगप्रधान, बंदिस्त आणि खुले यांसारख्या पाच जोड्या वाचताना डावा आणि उजवा पडदा डोळ्यांपुढे उभा राहतो. त्याला ‘नावांविना कलेतिहास’ लिहायचा होता. आज त्याचीच पद्धत नावे घोकून घेण्यासाठी वापरली जाते, हा काळाचा विनोदच म्हणायचा. पडद्याने एक नुकसानही केले. तिथे सगळी चित्रे एकाच मापाची होतात. दालीचे वितळत्या घड्याळांचे चित्र २४ × ३३ सेंटिमीटरचे, म्हणजे वहीच्या पानाएवढे आहे, तर पिकासोचे ‘गेर्निका’ जवळजवळ पावणेआठ मीटर रुंद आहे. चित्राखाली माप लिहिले नाही, तर पाहणाऱ्याला हे कळण्याचा मार्ग नाही.

बाणांची स्लाइड १९३६ सालची आहे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाचा पहिला संचालक आल्फ्रेड बार याने घनवाद आणि अमूर्त कला या विषयावरील प्रदर्शनाच्या ग्रंथवेष्टनावर एक तक्ता छापला. वरपासून खालपर्यंत १८९० ते १९३५ ही वर्षे. त्यांत चळवळींची नावे, त्यांखाली शहर आणि साल. जपानी मुद्राचित्रे, आफ्रिकी शिल्पे, यंत्रांचे सौंदर्य हे बाहेरचे प्रभाव लाल अक्षरांत. आणि सगळे बाण उतरत उतरत तळाशी अमूर्त कलेच्या दोन प्रकारांत येऊन मिळतात. शिकवण्याच्या दृष्टीने तक्ता अप्रतिम आहे, आणि धोका नेमका तोच आहे, कारण वंशावळीत न बसणारा माणूस तिथे जन्मालाच आलेला नसतो. १९७१ साली लिंडा नॉक्लिन या अमेरिकन कलेतिहासकार स्त्रीने थोर स्त्री-कलावंत का झाल्या नाहीत, असा प्रश्न विचारला. उत्तर तिने प्रतिभेत शोधले नाही. नग्न मॉडेलवरून अभ्यास करण्यासारख्या शिक्षणाच्या मूलभूत संधी स्त्रियांना कशा नाकारल्या गेल्या, हे तिने दाखवले. वंशावळी कोणाच्या लिहिल्या जातात, हा मुद्दा तेव्हापासून वर्गात आला.

१९८७ साली पॉवरपॉइंट बाजारात आले आणि २००४ साली कोडॅकने पारदर्शिकांचे प्रक्षेपक बनवणे थांबवले. यंत्र बदलले, साचा तसाच राहिला : चेहरा, नाव, जोडी, बाण.

हिल्मा आफ क्लिंट या स्वीडिश चित्रकर्तीला तो अजून लागू पडलेला नाही. तिने १९०६ पासून मोठमोठी अमूर्त चित्रे रंगवली; ती आपल्या मृत्यूनंतर वीस वर्षे दाखवू नयेत, अशी तिची इच्छा होती. १९४४ साली ती वारली आणि त्यांतली काही चित्रे १९८६ साली लॉस एंजेलिसमधील एका प्रदर्शनातून प्रथमच मोठ्या प्रेक्षकवर्गापुढे आली. बारच्या तक्त्यात ती नाही, आणि कोणत्याही समीक्षकाने तिला वेळेवर हिणवलेही नाही. तिची निवड करणारा विद्यार्थी दुसऱ्या स्लाइडपाशी अडतो. ‘चळवळ’ या शब्दापुढची जागा रिकामी राहते, वासारीच्या त्या नक्षीदार चौकटींसारखी.