घरात पहिली चाचणी तिचीच

गरोदर बाईचं नाव दवाखान्यात नोंदलं की हिमोग्लोबिन, रक्तगट यांच्याबरोबर एचआयव्हीचीही चाचणी होते. गोव्यात या चाचणीची धास्ती जुनी आहे आणि ती नुसती आजाराची नाही.

१९८९ मध्ये नेमाने रक्तदान करणाऱ्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी उचललं. रक्तात विषाणू सापडला, एवढाच गुन्हा. गोवा सार्वजनिक आरोग्य कायद्याचा आधार घेऊन त्यांना म्हापशाच्या जुन्या क्षयरोग इस्पितळात ६४ दिवस एकटं कोंडलं. त्यांच्यासाठी कोर्टात गेल्या त्या त्यांच्या आई, लुसी डिसोझा. कोर्टाने कायदा उचलून धरला. डॉमिनिक यांनी 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि १९९२ साली ते गेले. तपासणी म्हणजे पकडून नेणं, अशी गाठ इथे बसली ती तेव्हापासून, असं मला वाटतं.

२००२ च्या सुमारास आईकडून बाळाला होणारी लागण रोखण्याचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. कळा सुरू झाल्या की आईला नेव्हिरापिनची एक गोळी, जन्मल्यावर बाळाला त्याच औषधाचे थेंब, अशी तेव्हाची पद्धत होती. उपचारच नसतील तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होते. गरोदरपणापासून पाजणं थांबेपर्यंत औषधं मिळाली तर पाचांहून कमी. बाळं वाचू लागली. बाईचं काय?

घरात सगळ्यांत आधी रक्त तपासलं जातं तिचं. म्हणून 'हिनेच आणला' हा ठपकाही तिच्यावरच येतो, मग लागण नवऱ्याकडून झालेली का असेना. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे गोळ्यांची बाटली आईपासून लपवायची की सासूपासून, हा प्रश्न सातव्या महिन्यातच उभा राहतो. पूर्वी काहीजणींना वरचं दूध द्यायला सांगत. पाचवीला जमलेल्या बायका विचारणारच, "अंगावर का पाजत नाहीस गो?" पावडरच्या डब्यानेच गुपित फुटायचं. आता आईने औषधं नियमित घेतली तर सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध पाजता येतं. डॉक्टरी दृष्टीने हा बदल साधा वाटेल, बाळंतिणीसाठी तो फार मोठा आहे.

२०१४ पासून गरोदर बाईला जन्मभराचे उपचार लगेच सुरू होतात. त्याच वर्षी गोव्यातल्या रिवण गावात इतर पालकांच्या विरोधामुळे एचआयव्हीबाधित मुलांना शाळा सोडावी लागली. २०१७ च्या केंद्रीय कायद्याने संमतीशिवाय चाचणी आणि भेदभाव यांना मनाई केली, गुप्तता बंधनकारक केली. तरी दवाखान्याच्या बाकावर चाचणीच्या निकालाची वाट बघत ती बसते, आणि नवऱ्याने तपासणीला यायचं की नाही, हे अजून त्याच्याच मर्जीवर असतं.