एनजीसी २१५८ (इंदूरहून वेध)

एनजीसी या खगोलीय यादीतला २१५८ क्रमांकाचा, मिथुन राशीतला मंद, दाट खुला तारकागुच्छ. एम ३५ या ठळक गुच्छाच्या नैर्ऋत्येला जेमतेम अर्ध्या अंशावर दिसतो. प्रत (तेजाचे माप; आकडा मोठा तितका मंद) सुमारे ८.६, व्यास सुमारे ५ कला (अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला). शेजारी दिसले तरी २१५८ हा एम ३५ पेक्षा चार-पाच पट दूर आहे. त्याचे वय सुमारे दोन अब्ज वर्षे.

मेसिए या फ्रेंच निरीक्षकाने १७६४ मध्ये एम ३५ नोंदवला; त्याच्या यादीत २१५८ मात्र नाही. तो खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलला १७८४ मध्ये सापडला. त्याच्या दुर्बिणीचा १८.७ इंची आरसा तांबे-कथलाच्या मिश्रधातूचा होता. असा आरसा आजच्या ॲल्युमिनियमच्या लेपापेक्षा कमी प्रकाश परतवतो, शिवाय लवकर काळवंडतो. हर्शेलने गुच्छ आपल्या सहाव्या वर्गात, म्हणजे अतिदाट गुच्छांत घातला.

इंदूरचा अक्षांश २२° ४३′, गुच्छाची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे अंतर) +२४° ६′. म्हणून तो इथे खमध्यापासून (थेट डोक्यावरच्या बिंदूपासून) दीड अंशाच्या आतून जातो. तिथे हवेचा थर सर्वांत पातळ, शहराचा उजेडही सहसा सर्वांत कमी. पण डॉबसोनियन दुर्बीण (आडव्या-उभ्या फिरणाऱ्या साध्या बैठकीवरची) नेमकी तिथेच अडते: नळी उभी झाली की गुच्छामागे जायला बूड झपाट्याने फिरवावे लागते आणि हाताला जोर मिळत नाही. जानेवारीच्या मध्याला तो रात्री ११ च्या सुमारास डोक्यावर येतो. साडेनऊला लावावा, उंची सुमारे ७०° असते आणि दुर्बीण सहज वळते.

८ इंची, १२०० मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीला २५ मिमीचा आयपीस (डोळ्याजवळचे भिंग) लावला की ४८ पट वर्धनात दोन्ही गुच्छ एकत्र मावतात. २१५८ हा धुरकट ठिपका दिसतो. मग ८ मिमी लावावा (१५० पट). पार्श्वभूमी काळी होते आणि तिरक्या नजरेने (ठिपक्याच्या किंचित बाजूला पाहून) ठिपक्यात कण जाणवू लागतात. त्यातले ठळक तारेही १२-१३ प्रतीच्या आसपास असल्याने गच्चीवरून ते सुटे होण्याची आशा धरू नये. त्यासाठी अमावास्येच्या सुमारास महूच्या पुढे, जानापावच्या डोंगराकडे जावे. प्रकाशप्रदूषणाचे फिल्टर इथे फारसे कामाचे नाहीत, कारण ताऱ्यांचा प्रकाश सर्व रंगांत पसरलेला असतो. फिल्टर गुच्छालाही मंद करतो.

आरसा घरातून काढल्यावर तासभर बाहेर निवू द्यावा, नाहीतर नळीतल्या गरम हवेने तारे फुगतात. माळव्याच्या थंडीत आयपीसवर दव धरते. ते पुसू नये, खिशात ऊब द्यावी.

कॅमेऱ्याने १०-२० सेकंदांच्या अनेक प्रतिमा एकावर एक रचल्या की शहरातूनही गुच्छ सुटा होतो. मात्र विषुववृत्तीय बैठक (पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षावर फिरणारी) नसेल तर खमध्याजवळ दृश्य फार वेगाने फिरते आणि प्रतिमेच्या कडेचे तारे कमानीसारखे ओढले जातात. त्यामुळे कॅमेऱ्यालाही साडेनऊचीच वेळ सोयीची.