‘मूळ प्रत’ नेमकी कोणती? जुन्या मराठी चित्रपटांच्या लांबीच्या वादाची पार्श्वभूमी

जुन्या मराठी चित्रपटांवर गप्पा रंगल्या की कुणीतरी हमखास विचारते, ‘यात एक प्रसंग होता, तो कुठे गेला?’ दुसरा सांगतो, असा प्रसंग नव्हताच. तिसरा म्हणतो, होता, पण गाण्याच्या नंतर नाही, आधी. अनेकदा तिघांचेही बरोबर असते, कारण तिघांनी पाहिलेल्या प्रती वेगळ्या असतात. हा घोळ आंतरजालावर सुरू झालेला नाही. त्याची मुळे चित्रपट फितीवर होता तेव्हाचीच आहेत, पण तो खरा वाढला तो दूरदर्शन, व्हिडिओ कॅसेट आणि व्हीसीडी (चित्रपटाची सीडी) या तीन टप्प्यांत.

मूकपटांच्या काळाविषयी थोडक्यात एवढेच की तेव्हा लांबी फुटांत सांगत आणि वेग ठरलेला नसे. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट दिली जाते. सेकंदाला १६ चौकटींनी (फ्रेमनी) चालवला तर तो तासाभराचा होतो, २४ चौकटींनी चालवला तर ४१ मिनिटांत संपतो. एके ठिकाणी चाळीस मिनिटे आणि दुसरीकडे तास असा कालावधी आढळतो, त्याचा उलगडा या गणिताने होतो. आज उरलेली रिळे १९१३ ची नसून १९१७ च्या पुनर्निर्मितीची असावीत, असेही एक मत आहे.

बोलपट आले आणि एक नवी अडचण उभी राहिली. पुण्या-कोल्हापुरात अनेक चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत वेगवेगळे चित्रित होत. ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’ यांत प्रमुख नट तेच, सजावटही तीच. ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’ यांत मात्र दोन म्हाताऱ्यांपैकी एकाच्या भूमिकेत नट वेगळा. त्यामुळे हिंदी आवृत्तीतला प्रसंग मराठी चित्रपटाच्या आठवणीत सहज मिसळतो. ‘तो संवाद होता’ असे कुणी ठामपणे सांगितले, तर तो कोणत्या भाषेत ऐकला हे आधी विचारावे.

१९५० च्या सुमारापर्यंत फीत नायट्रेटची असे. ती भडकन पेट घेते. २००३ च्या जानेवारीत पुण्यातल्या नायट्रेट फितींच्या कोठाराला आग लागली आणि पुन्हा मिळणार नाही असा ठेवा त्यात गेला. पुढची ॲसिटेट फीत सहज पेटत नाही, पण दमट हवेत आतून कुजते. डबा उघडताच व्हिनेगरसारखा वास येतो, फीत आक्रसते, वाकडी होते आणि प्रोजेक्टरच्या दात्यांत बसेनाशी होते. याशिवाय अनेक रिळे चांदी काढण्यासाठी भंगारात विकली गेली. एखाद्या चित्रपटाची एकच प्रिंट (थिएटरात चालवायची फीत) उरते आणि तीही तालुक्या-तालुक्यांतून, जत्रांच्या तंबूंतून फिरून झिजलेली असते, ती यामुळे.

आता ‘मूळ’ या शब्दाकडे वळू, कारण सगळा वाद याच शब्दाभोवती फिरतो. रसिकांच्या बोलण्यात त्याचे निदान तीन अर्थ असतात. कुणाला पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला दाखवलेली लांबी अभिप्रेत असते, कुणाला निगेटिव्हमध्ये, म्हणजे ज्या फितीवरून प्रिंट काढतात तिच्यात, जे आहे ते, तर कुणाला दिग्दर्शकाच्या मनातला चित्रपट. या तिन्ही गोष्टी क्वचितच जुळतात. पहिल्या आठवड्यातला प्रतिसाद पाहून निर्माता दोन-तीनशे फूट कमी करी. पुढे प्रिंट निगेटिव्हवरून न काढता डुप्लिकेट निगेटिव्हवरून काढल्या जात आणि ती डुप्लिकेट कापलेल्या प्रतीवरून केलेली असली, तर नंतरच्या सगळ्या प्रिंट तोकड्याच निघत.

त्यात सेन्सॉर प्रमाणपत्राची भर पडली. १९५२ च्या कायद्याप्रमाणे प्रमाणपत्राला दहा वर्षांची मुदत होती. ती संपल्यावर चित्रपट पुन्हा लावायचा तर तो पुन्हा तपासून घ्यावा लागे. तपासणीसाठी जी प्रिंट हाताशी असे तीच नेली जाई आणि नव्या प्रमाणपत्रावर तिचीच लांबी चढे. एकाच चित्रपटाच्या दोन प्रमाणपत्रांवर दोन लांबी दिसल्या, तर त्यात दरवेळी सेन्सॉरची कात्री शोधू नये. झिजून आखूड झालेली प्रिंटही सरकारी शिक्का घेऊन ‘पूर्ण’ ठरू शकते. मुदतीची ही अट पुढे गेली, पण त्या काळातले आकडे सूच्यांमधून आजही उतरवले जातात.

या सगळ्यांत धरायला सर्वांत भक्कम आधार म्हणजे पहिल्या प्रमाणपत्रावरची लांबी. निगेटिव्हचा पक्ष धरणाऱ्यांना हे पटत नाही. त्यांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, कारण आकडा म्हणजे चित्रपट नव्हे. पण निगेटिव्ह रसिकाला पाहायला मिळत नाही, आकडा मिळतो आणि मोजता येतो. एक खबरदारी मात्र घ्यावी. प्रमाणपत्रात कापलेल्या भागांची नोंद वेगळी असते, तेव्हा दिलेली लांबी त्या कापांच्या आधीची की नंतरची, हे पाहून घ्यावे.

गणित सोपे आहे. ३५ मिमी फितीच्या एका फुटात १६ चौकटी असतात आणि सेकंदाला २४ चौकटी सरकतात, म्हणजे मिनिटाला ९० फूट किंवा सुमारे २७.४ मीटर. समजा, प्रमाणपत्रावर ३,८४० मीटर आहे. त्याला २७.४३ ने भागले की १४० मिनिटे येतात. हातातली व्हिडिओ प्रत १२६ मिनिटांची असली, तर लगेच चौदा मिनिटे गेली असे मात्र म्हणू नये.

कारण मधे दूरदर्शन येते. आपली तेव्हाची दूरचित्रवाणी पाल पद्धतीची, सेकंदाला २५ चौकटींची. २४ चौकटींचा चित्रपट तिच्यासाठी २५ च्या वेगाने उतरवत, म्हणजे तो चार टक्क्यांहून थोडा अधिक वेगाने पळे. १४० मिनिटांचा चित्रपट एकही चौकट न कापता १३४ मिनिटे २४ सेकंदांत संपतो. वरच्या उदाहरणातली खरी तूट चौदा नव्हे, सुमारे साडेआठ मिनिटांची. या एका हिशेबावाचून कित्येक प्रती विनाकारण ‘कापलेल्या’ ठरल्या आहेत.

खरी कापाकापीही झालीच. मुंबई दूरदर्शनवर शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट लागे आणि बातम्यांच्या वेळा ठरलेल्या असत. वेळ कमी पडला की पहिला बळी गाण्याचा, कारण गाणे काढले तरी कथा तुटत नाही. १९८२ नंतर रंगीत संच आणि व्हिडिओ घरोघरी आले. कॅसेट काढणाऱ्यांनी नवी प्रिंट काढण्याचा खर्च टाळून वितरकाकडची वापरलेली प्रिंट उतरवून मास्टर (ज्यावरून कॅसेटी काढतात ती प्रत) केला. शिवाय चित्राच्या तळाशी जाहिरातींची पट्टी सरकवली. श्रेयनामावली कमी करणे तर नित्याचे झाले. वादक, नृत्य-दिग्दर्शक, रंगभूषाकार यांची नावे त्यात गेली, आणि हे नुकसान एखाद्या प्रसंगाच्या नुकसानीपेक्षा लहान मानता येत नाही. ती नावे दुसरीकडे कुठेच लिहिलेली नसतात.

व्हीसीडीच्या एका तबकडीत ७४ ते ८० मिनिटे मावतात. दोन तबकड्यांचा संच विकायचा तर १६० मिनिटांच्या आत बसवणे भाग होते. लांबलचक चित्रपटांना तिसरी तबकडी देण्यापेक्षा कात्री स्वस्त पडे. आज आंतरजालावर फिरणाऱ्या अनेक प्रती याच व्हीसीडींवरून आल्या आहेत. आधीच्या कंपनीचे कोपऱ्यातले चिन्ह झाकायला चित्र मोठे केलेले असते आणि पुढे रुंद पडदा भरायला वरून-खालून कापलेले असते. १.३७ प्रमाणाची (उंचीच्या १.३७ पट रुंद) चौकट १६:९ मध्ये भरली की तेवीस टक्के चित्र जाते. कपाळे कापलेली आणि पावले नसलेली लावणी दिसते, ती छायालेखकाची चूक नव्हे.

तूट कुठे पडली हे ओळखायच्या दोन खुणा सांगण्यासारख्या आहेत. चित्राच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर गोल ठिपका दिसतो आणि सुमारे सात सेकंदांनी पुन्हा दिसतो. तो रीळ बदलण्याचा इशारा. म्हणजे प्रत थिएटरच्या प्रिंटवरून उतरवली आहे. रिळाची सुरुवात आणि शेवट हाताळणीत सर्वाधिक झिजतात, म्हणून अर्धवट तुटलेली वाक्ये बहुधा या ठिपक्यांच्या आसपास सापडतात.

दुसरी खूण अधिक पक्की आहे. ३५ मिमी प्रिंटवर आवाजाची पट्टी चित्राच्या सुमारे वीस चौकटी पुढे छापलेली असते. फीत तुटून जोडली, की आधी चित्र उडी मारते आणि साधारण पाऊण सेकंदाने आवाज तुटतो. चित्र आणि आवाज एकाच क्षणी तुटले, तर काप बहुधा व्हिडिओवर, मुद्दाम केलेला असतो.

अलीकडे काही चित्रपटांच्या नव्याने स्वच्छ केलेल्या प्रती येऊ लागल्या आहेत आणि सोबत नवी तक्रारही आली आहे. गाणे ‘मंद’ वाटते, गायिकेचा आवाज ‘जड’ वाटतो. या प्रती २४ च्या वेगाने चालतात. कान मात्र पालच्या वेगाला सरावलेले असतात. त्या वेगात गाण्याची पट्टी, म्हणजे सूर, चढते, पांढरी एक आणि काळी एक यांमधल्या अंतराच्या सुमारे सत्तर टक्के. हार्मोनियमवर लावून पाहिले तर जुन्या व्हिडिओतले गाणे दोन सुरांच्या मधेच कुठेतरी लागते. जुनी प्रत मूळ वेगाने ऐकायची असेल तर प्लेअरचा वेग ०.९६ ठेवावा आणि वेग बदलला तरी पट्टी कायम राखणारी सोय आधी बंद करावी. ती चालू राहिली तर गाणे फक्त लांबते, पट्टी चढलेलीच राहते.